एक खिसा जास्तीचा

टाकळकर डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे आलेत असं समजून मी चार हात लांबच उभी राहिले होते. सकाळचे नऊ वाजले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून एक आडव्या बांध्याचा गृहस्थ लालभडक काचांचा चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी टायपिस्टच्या जागेसाठी अर्ज घेऊन आले होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "बाई, डोळे आले नाहीत माझे. बसा. अंधारात काम करायचं तर आधी अर्धा तास डोळ्यांना उजेड विसरायला लावावा लागतो. त्यासाठी हा चष्मा. स्टेशनवरच्या निम्म्या लोकांना वाटतं, मी सिनेमात जाणार आहे."

एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती वर्षं. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, बाजरीच्या शेतांना लागून एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. पिंपरीकडे कारखान्यांची धुराडी एकेक करून उभी राहत होती, आणि आमच्या खिडकीतून एका बाजूला धुराडं तर दुसऱ्या बाजूला गोफण घेऊन पाखरं हाकणारी म्हातारी दिसायची. दवाखान्याचं एक्स-रे यंत्र लष्कराच्या लिलावात घेतलेलं. ते सुरू झालं की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज व्हायचा. या यंत्राचे मालक, पुजारी आणि कैदी, सगळं टाकळकर डॉक्टरच. मूळचे खेड तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. मुंबईला शिकून आले होते, पण रुग्ण चाकणकडचा असला की त्यांची भाषा लगेच बैलगाडीत बसायची.

त्यांचं खास काम म्हणजे पोटाची तपासणी. रुग्णाला पडद्यामागे उभं करायचं, पेलाभर बेरियम म्हणजे खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायला द्यायचं, दिवे घालवायचे, आणि ते औषध घशातून, अन्ननलिकेतून, जठरातून, पुढच्या आतड्यात कसं उतरतं ते पडद्यावर बघायचं. पडद्याचा उजेड काजव्याएवढा, म्हणून तो लाल चष्मा. मधूनमधून आमचे तंत्रज्ञ गायकवाड फिल्म काढायचे. गावात डॉक्टरांचं नाव 'चुना पाजणारे' असं पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "बाकीचे लावतात, मी नुसता पाजतो," असं ते म्हणायचे.

दिवसभर त्या अंधारात काय काय दिसे ते डॉक्टर मला इंग्रजीत सांगत आणि मी ते टाइप करी. महिन्याभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दहा लोकांच्या पोटात डोकावलं तर दोघा-तिघांच्या पोटात काहीतरी निराळं सापडायचंच, आणि त्यातलं बहुतेक काही कामाचं नसायचं. कुणाच्या जठराला घडी असे. कुणाच्या पोटात लहानपणच्या जुन्या गाठी वाळून फुटाण्यासारख्या पांढऱ्या झालेल्या दिसत. कुणाच्या आतड्याला एक छोटीशी पिशवी फुटलेली असे. एकदा तर मुतखड्याची शंका घेऊन पाठवलेला माणूस फिल्मवर खडा वाटलेला, करगोट्याला मागच्या बाजूनं बांधलेला चांदीचा ताईत घेऊन घरी परत गेला. असं काही दिसलं की डॉक्टर पडद्याआडून दोनच शब्द म्हणायचे, "असू द्या."

पण ते 'असू द्या' सहजासहजी यायचं नाही. त्याआधी ते शिशाचा हातमोजा घालून रुग्णाचं पोट दाबायचे, त्याला या कुशीवरून त्या कुशीवर करायचे, उभं, आडवं, पालथं करायचे. "दुखतं का?" हा प्रश्न पाच वेळा तरी व्हायचा. मला एकदा त्यांनी समजावून सांगितलं होतं. खरं दुखणं जागा सोडत नाही. दाबलं की तिथंच दुखतं, कूस बदलली तरी त्याचा आकार बदलत नाही, आणि आजूबाजूच्या वळ्या त्याच्याकडे ओढल्यासारख्या दिसतात. निरुपद्रवी गोष्ट मऊ असते. कड गुळगुळीत, दाबलं की आकार बदलते, भरते आणि रिकामी होते, आणि मालकाला तिचा पत्ताच नसतो.

आतड्याच्या पिशवीबद्दल त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. "हे बघ गड्या, शिंप्यानं तुझ्या सदऱ्याला एक खिसा जास्तीचा लावला. त्यानं सदरा फाटला का? नाही. थंडी वाजते का? नाही. मग असू दे." हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे पुढे डॉक्टरांनी 'हे बघ' म्हटलं की मी मशीनमध्ये पुढचा कागद चढवायला घ्यायची.

त्यांच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यावर त्यांनी पाटी रंगवणाऱ्याकडून पांढऱ्या अक्षरांत 'असू द्या' असं लिहून घेतलं होतं. आत निरुपद्रवी सापडलेल्या गोष्टींच्या फिल्म होत्या. कुणी नवा डॉक्टर भेटायला आला की चहाच्या आधी ट्रंक उघडायची. समोरचा कंटाळला तरी ती लवकर बंद होत नसे. "दुखण्याचे फोटो पुस्तकात सापडतात," ते म्हणायचे. "न दुखण्याचे कोण छापणार?"

त्या ट्रंकेतली सगळ्यात लाडकी फिल्म साबुदाण्याची. चिंचवड गावातल्या एक बाई तपासणीला यायच्या होत्या. त्यांना आम्ही सांगितलं होतं, उपाशी पोटी या. नेमकी त्या दिवशी चतुर्थी निघाली. त्या दिवशी पुण्याहून एक नामवंत सर्जन आमचं काम बघायला आले होते आणि अंधारात डॉक्टरांच्या खांद्याशी उभे होते. बाईंनी बेरियम प्यायलं आणि पडद्यावर जठर भरलं तर त्यात एक नाही, दोन नाही, पन्नास-साठ गोल गोल दाणे. सर्जनसाहेबांनी श्वास रोखला. मग हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाले की ही पॉलिपची, म्हणजे आतून वाढलेल्या मांसाच्या गाठींची रास आहे, जठराचा मोठा भाग काढावा लागेल, मी पुढच्या आठवड्यात वेळ देतो.

डॉक्टरांनी हातमोज्यानं पोट दाबलं तसे दाणे इकडेतिकडे सरकले. मग अंधारातच त्यांनी विचारलं, "वहिनी, सकाळपासून काय खाल्लंत?"

"काही नाही हो. उपास आहे ना माझा."

"ते कळलं. उपासाला काय खाल्लं?"

"वाटीभर खिचडी. दाण्याचं कूट कमी घातलं होतं, तुम्ही उपाशी या म्हणाला होतात म्हणून."

गायकवाडांना हसू आवरेना, ते दार उघडून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्याच बाई खरोखर उपाशी आल्या आणि त्यांचं जठर आरशासारखं स्वच्छ निघालं. सर्जनसाहेब पुन्हा काही आमच्याकडे आले नाहीत. तेव्हापासून आमच्या चिठ्ठीवर मी मोठ्या अक्षरांत टाइप करायला लागले: 'निर्जळी. खिचडी, केळं, दूध, चहा, काहीही चालणार नाही.' एवढं लिहूनही एकजण शेंगदाण्याचा लाडू खाऊन आलाच. त्याचं म्हणणं, यादीत लाडू नव्हता.

इथवर सगळी गंमत होती. पण निरुपद्रवी गोष्ट निरुपद्रवी आहे हे ओळखणं सोपं, ते दुसऱ्याच्या गळी उतरवणं अवघड, हे डॉक्टरांना एका मास्तरांनी शिकवलं. मास्तर शाळेत शिकवायचे, पित्तासाठी आले होते. त्यांच्या पोटात त्या फुटाण्यासारख्या वाळलेल्या गाठी निघाल्या. डॉक्टरांनी रिपोर्टात त्या लिहिल्या आणि पुढे लिहिलं की यांना काही अर्थ नाही, औषधाची गरज नाही. मास्तरांनी तो कागद घरी नेला आणि अंथरूण धरलं. रजा टाकली. तिखट सोडलं, मग मीठ सोडलं. नगरहून मुलाला बोलावून घेतलं आणि आपली पुस्तकं कुणाला द्यायची याची यादी केली.

डॉक्टर सायकल काढून त्यांच्या घरी गेले. दोन तास बसले. गाठी म्हणजे काय, त्या कशा होतात, त्या कशा मेलेल्या आहेत, सगळं सांगितलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहीच नाही, तर मग लिहिलंत कशाला?"

"दिसलं म्हणून लिहिलं."

"डॉक्टर, मी तीस वर्षं मुलांचे पेपर तपासतोय. लाल रेघ उगाच कुणी मारत नाही."

डॉक्टर उठले आणि सायकलवर बसले. ते परत आले ते चिडूनच. मास्तर पुढे बरे झाले, पण ते डॉक्टरांच्या समजावण्यानं नव्हे. त्यांच्या बायकोनं एक दिवस जाहीर केलं की उद्यापासून वेगळी अळणी भाजी होणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी मास्तर शाळेत हजर झाले.

मी तेव्हा डॉक्टरांना म्हटलं होतं, "ज्याला काही अर्थ नाही ते लिहूच नका ना. माझीही रिबन वाचेल."

ते माझ्यावर रागावले. फार क्वचित रागवायचे. म्हणाले, "आणि उद्या हाच माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, त्याला या गाठी दिसल्या आणि वाटलं, हे नवीन आहे, म्हणून त्यानं पोट फाडलं, तर? दिसेल ते लिहायचं. आणि असू द्या, तेही लिहायचं. दोन्ही लिहायचं. लपवायचं काही नाही." तेव्हापासून अशा प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी ते एकच इंग्रजी वाक्य सांगायचे, उपचारांची गरज नाही या अर्थाचं. मी ते न सांगता टाइप करायला शिकले होते.

हा नियम कुणाला किती महाग पडेल ते सोपान आला तेव्हा कळलं.

सोपान चाकणजवळच्या कुरुळीचा. चोवीस-पंचवीसचा असेल, तालमीत कमावलेलं अंग, बोलायला लाजरा. चिंचवडला तेव्हा एक नवा ओतकामाचा कारखाना निघाला होता. तिथं त्याची निवड झाली होती, राहिली होती ती फक्त डॉक्टरी तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पोटाचा काही त्रास? आता असं विचारल्यावर शहाणा माणूस नाही म्हणतो. सोपान म्हणाला, "कधीमधी जळजळतं, ठेचा जास्ती झाला की." झालं. त्याला आमच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवलं.

पडद्यावर त्याच्या आतड्याला ती पिशवी दिसली. गुळगुळीत, लिंबाएवढी. डॉक्टरांनी ती दाबली, हलवली, त्याला चारी अंगांवर फिरवला. पाचही वेळा "न्हाई दुखत" हेच उत्तर आलं. मग फिल्म उजेडात धरून दाखवत खिशाचं भाषण झालं. सोपान हसला आणि म्हणाला, "असू द्या, डाक्टर. खिसा हाय तर हाय. तसाबी रिकामाच."

मी रिपोर्ट टाइप केला. पिशवी आहे, निरुपद्रवी आहे, उपचारांची गरज नाही. आठवड्यानं सोपान व्हरांड्यात येऊन उभा राहिला. हातात कारखान्याचा कागद. त्यावर 'अपात्र' असा शिक्का. शेवटी मीच विचारलं तेव्हा म्हणाला, "मोशीची पोरगी ठरलीया माझी. सासरा म्हनला व्हता, कारखान्यात लागला तर वैशाखात उडवून टाकू. आता म्हनतोय, पोटात भोक पडलंय त्याला पोरगी कशी द्यू? मी म्हनलं, भोक न्हाई, खिसा हाय. त्याला न्हाई पटत."

डॉक्टर आतून हे ऐकत होते. लाल चष्मा लावून बसले होते त्यामुळे तोंडावरचं काही दिसलं नाही. ते उठले आणि तसेच, चष्म्यासकट, सायकलवर कारखान्यात गेले. मला वाटतं, रस्त्यावरची बैलं बिथरली असतील.

कारखान्याचे डॉक्टर बेहेरे. भला माणूस, हसतमुख. पण कारखान्यात राहून त्यांना मापाची सवय लागली होती. ओतलेला प्रत्येक भाग मापात बसवून बघायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर परत भट्टीत. त्यांनी टाकळकरांना फॉर्म दाखवला. "तुमच्याच रिपोर्टात पिशवी लिहिलीय. माझ्याकडे दोन रकाने आहेत, नॉर्मल आणि अॅबनॉर्मल. तिसरा मी कुठून आणू?"

"मी निरुपद्रवीही लिहिलंय."

"ते बरोबर. पण त्याला रकाना नाही."

टाकळकर डॉक्टर हात हलवत परत आले. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी, खरं सांगायचं तर, त्यांच्यावरच चिडले. एका ओळीसाठी त्या मुलाची नोकरी गेली, लग्न गेलं, आणि तुम्हाला ती ओळ सोडवेना, असं मी बोलूनही दाखवलं. ते दिवसभर सोपानची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले, जशी काही ती पिशवी त्यांच्याच शब्दाला मान देऊन नाहीशी होणार होती. ट्रंकेत मात्र त्यांनी ती ठेवली नाही, टेबलाच्या खणात ठेवली.

चार-पाच दिवसांनी बेहेरे आमच्याकडे आले. जाताना आत डोकावून म्हणाले, की अलीकडे जेवल्यावर ढेकर फार येतात. टाकळकर म्हणाले, "या की मग उद्या सकाळी. बघून टाकू." हा डाव होता की सहज बोलणं, हे मला कधीच कळलं नाही. मी एकदा विचारलं होतं तर ते म्हणाले, "ढेकर त्यांना येत होते, मला नाही."

दुसऱ्या दिवशी बेहेरे निर्जळी आले. बेरियम प्यायले. मी दाराशी कागद घेऊन उभी होते. अंधारात बराच वेळ फक्त यंत्राची घरघर. मग बेहेऱ्यांचा आवाज आला, आणि तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

"काय दिसतंय?"

"थांबा."

"काय आहे?"

"तुमच्या जठराची वरची बाजू मागं दुमडलीय. आधी वरच्या टाकीत भरतं, मग खालच्या टाकीत सांडतं."

"म्हणजे काय?"

"दुखतं का इथं?"

"नाही."

"मग असू द्या."

मग बेहेऱ्यांनी विचारलं, "हे तुम्ही लिहिणार?"

"मी सगळं लिहितो."

"कुठल्या रकान्यात?"

"ते तुम्ही सांगा," टाकळकर म्हणाले. "दोनच आहेत म्हणालात."

मी रिपोर्ट टाइप केला, सोपानचाच मजकूर, फक्त पिशवीच्या जागी घडी. त्या आठवड्यात बेहेरे तीन वेळा येऊन गेले. दर वेळी काहीतरी दुसरंच काम काढून यायचे आणि जाता जाता विचारायचे, "नक्की असू द्या ना?" त्यांनी तिखट सोडल्याचं गायकवाडांनी कळवलं. माझा आधी समज होता की त्यांना लाज वाटली असेल. तसं काही नव्हतं. त्यांच्यापुढे साधाच पेच होता. आपली घडी निरुपद्रवी ठरवून सुखानं झोपायचं असेल, तर कुरुळीच्या पोराची पिशवीही निरुपद्रवी ठरवणं भाग होतं. चौथ्या वेळी ते आले तेव्हा हातात सोपानचा फॉर्म होता. त्यावर त्यांनी पट्टीनं आखून शाईनं तिसरा रकाना काढला होता: 'निराळे, पण निरुपद्रवी'. त्यात बरोबरची खूण होती आणि खाली त्यांची सही.

वैशाखात सोपानचं लग्न झालं. आम्हाला बुंदीचे लाडू आले. त्यातला पहिला डॉक्टरांनी बेहेऱ्यांकडे पाठवून दिला.

यानंतर तीनेक वर्षं गेली. डॉक्टरांच्या दुपारच्या जेवणाबद्दल मी अजून सांगितलं नाही. ते रोज बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चाकणचा कांदा आणत. कांदा कधी चिरायचे नाहीत. टेबलावर ठेवून मुठीनं फोडायचे, तो आवाज आला की दवाखान्यात सगळ्यांना कळायचं एक वाजला. एके दिवशी एक वाजून गेला आणि आवाज झाला नाही. मी डोकावले. डॉक्टर दूधभात खात होते.

दुसऱ्या दिवशीही दूधभात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला रिपोर्ट सांगायला घेतला. "पुरुष. वय त्रेपन्न." मी नाव विचारलं. "राहू द्या नाव." मग त्यांनी सांगितलं: आतड्याला एक पिशवी, लिंबाएवढी, कड गुळगुळीत. नंतर ते थांबले. मी सवयीनं शेवटचं वाक्य टाइप करायला लागले तर ते म्हणाले, "ते नको. ते नंतर बघू."

माझी बोटं तिथंच थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी ते वाक्य कधी सोडलं नव्हतं. गायकवाडांनी नंतर मला सांगितलं की डॉक्टरांना जळजळ होत होती, म्हणून रविवारी दोघांनी मिळून त्यांचीच फिल्म काढली. ओली फिल्म टाकीतून काढून डॉक्टरांनी दिव्यासमोर धरली आणि गायकवाड म्हणाले, 'ही तर सोपानचीच.' खरंच तशीच होती. पण डॉक्टरांना हसू आलं नाही.

अडचण त्यांची खरी होती, ते मला आता कळतं. जन्मभर त्यांनी पडद्यावर हलणारं पोट पाहिलं, दाबून पाहिलं, विचारून पाहिलं. स्वतःचं पोट त्यांना पडद्यावर बघता येत नव्हतं. हातात आली ती एक थिजलेली फिल्म. आणि स्वतःच दाबून स्वतःलाच दुखतं का विचारलं, की माणसाला सगळीकडेच दुखतं. पण तेव्हा मला एवढं कुठलं कळायला. रिपोर्ट पुरा करून मी कागद त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "असू द्या."

"तुम्ही टायपिस्ट आहात," ते म्हणाले.

मला ते लागलं. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

ते पुण्याला आपल्या मित्राकडे फिल्म घेऊन गेले. मित्र म्हणाला, काही नाही. आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मित्र आहे तो. मित्र खरं सांगत नाहीत." मग ते दुसऱ्याकडे गेले, ज्याच्याशी त्यांचं फारसं पटत नव्हतं. तोही म्हणाला, काही नाही. त्यावर डॉक्टर म्हणाले, "त्याला काय पडलीय माझी." मधल्या काळात सायकल बंद झाली, वजन कमी झालं, आणि वजन कमी होतंय म्हणून काळजी आणखी वाढली. रुग्णांना मात्र ते पूर्वीइतक्याच खात्रीनं खिशाची गोष्ट सांगत होते. फक्त गोष्ट सांगताना स्वतःच्या पोटावर हात ठेवायचे. मास्तर रस्त्यात भेटले तर डॉक्टर वाट बदलतात, असं गायकवाडांनी मला सांगितलं. मला हसू यायचं आणि मग वाईटही वाटायचं. त्या माणसानं किती जणांची झोप परत आणून दिली होती, आणि स्वतःच्या झोपेची वेळ आली तर त्यांचेच दोन शब्द त्यांना उसने मिळेनात.

माझं तेव्हा लग्न ठरलं होतं आणि सोलापूरला जायचं होतं. दवाखान्यातला माझा शेवटचा दिवस शनिवार होता. अर्धा दिवस. निरोपाचा चहा झाला, डॉक्टर तेवढे नव्हते. ते मुंबईला निघालेत, तिथल्या मोठ्या तज्ज्ञाला फिल्म दाखवायला, असं कळलं. मला निरोप न देता गेले याचं वाईट वाटलं, आणि स्टेशनवर आले तर ते समोरच बाकावर बसलेले दिसले. मांडीवर फिल्मचं मोठं खाकी पाकीट, दोन्ही हातांनी धरलेलं. मी चार पावलांवर जिन्याजवळच थांबले. गेलेच नाही पुढे. 'तुम्ही टायपिस्ट आहात' हे अजून गेलं नव्हतं मनातून.

इतक्यात रूळ ओलांडून सोपान आला. खाकी कपडे, काखेत फडक्यात बांधलेली भाकरी. आता तो स्टेशनजवळच्याच चाळीत राहायचा, दुसऱ्या पाळीला निघाला होता. डॉक्टरांना बघून तो वाकला, पाया पडला.

"कुटं निघाला, डाक्टर?"

काय मनात आलं कुणास ठाऊक, डॉक्टरांनी पाकिटातून फिल्म काढून त्याच्या हातात दिली. सोपाननं ती उन्हात धरली. त्याला आता फिल्म कशी धरायची ते माहीत होतं. बघता बघता त्याचा चेहरा फुलला.

"आयला, ही तर माझी. अजून जपून ठिवलीय व्हय तुमी?"

डॉक्टरांनी मान हलवली. हो की नाही, ते मला तिथून कळलं नाही.

"कशाला वागवताय ही घेऊन गावभर," सोपान म्हणाला. "कुणाला दावायची ऱ्हायलीय आता? तीन वर्सं झाली, एक खाडा न्हाई. पोरगं झालंय, चालाया लागलंय. असू द्या की, डाक्टर."

मुंबईकडे जाणारी गाडी आली. डॉक्टर उठून उभे राहिले, पाकीट काखेत धरलं. डब्याचं दार त्यांच्या समोर होतं. मी मनात म्हटलं, चढले. गाडी दोन मिनिटं थांबली, शिटी झाली, आणि निघून गेली. डॉक्टर तिथंच उभे होते. त्यांनी कोटाच्या खिशातून तो लाल चष्मा काढला आणि भर उन्हात डोळ्यांवर चढवला. अंधारात जायचं नव्हतं त्यांना कुठं. डोळे कुणाला दिसू नयेत एवढंच असावं.

माझी पुण्याची पॅसेंजर पलीकडच्या फलाटावर आली. मी जिन्यावरून धावत जाऊन चढले, त्यांच्या बाजूची खिडकी गाठली. गाडी हलली तेव्हा ते दोघे बाकावर बसले होते. डॉक्टरांनी सोपानला काहीतरी विचारलं असावं, कारण तो हसत फडकं सोडत होता. बाकावर ठेवायला ताट नव्हतं. डॉक्टरांनी काखेतलं खाकी पाकीट काढून मध्ये आडवं ठेवलं, सोपाननं त्यावर भाकरी ठेवली, ठेच्याचा गोळा ठेवला, एक कांदा ठेवला. मग लाल चष्मा लावलेल्या टाकळकर डॉक्टरांनी मूठ वर उचलली आणि पाकिटावरचा कांदा फोडला.